आधी ओतलेलं

उद्यमनगरात साचा आधी होतो.
लाकडी पॅटर्न, ओली वाळू, पेटीचे दोन भाग,
मग भट्टीतलं लाल पाणी आत शिरतं
आणि थंड होता होता आकार शिकतं.
मगदूमांच्या फाउंड्रीत मला काम मिळालं ते उलटं.
ओतकाम सतरा वर्षांपूर्वीच झालेलं,
साचा आता करायचा होता.

मदरबोर्ड मंगळवारी गेला.
कपॅसिटर फुगलेले, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखे.
कॅबिनेटच्या तळाला काळी बारीक वाळू,
पंख्याच्या पात्यांवरही तीच.
डिस्क तेवढी जिवंत. कानाशी धरली तर
लांब कुठंतरी गुऱ्हाळ चालल्यासारखा आवाज.

बिलाचा प्रोग्राम नेजदारांनी लिहिलेला.
नेजदार आता आजऱ्याला काजू फोडतात.
फोन उचलतात, पाऊसपाणी विचारतात,
कॉम्प्युटरचं नाव काढलं की त्यांची रेंज जाते.
तेव्हा नव्यानं बसवणं नव्हतंच.
जे बसलंय ते बसल्या जागेवरून उचलून
नव्या मशीनच्या पोटात ठेवायचं,
मांडी न मोडता.

सांगावकर बाईंना एवढंच सांगितलं.
त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं एफ नऊ राहणार?"

आधी प्रत काढली, सेक्टर न् सेक्टर,
मूळ डिस्कवर लिहायला बंदी घालून.
एकाच डिस्कवर दोन ठिकाणांहून कुणी जागं होऊ नये,
दोघांच्याही हिशेबाची माती होते.
हे मी चूक करून शिकलोय.
कुणाच्या दुकानात, ते सांगणार नाही.

मग खोटं मशीन रचलं.
खोटा प्रोसेसर, खोटी मेमरी, पाचशे बारा एमबी.
जास्त देता आली असती, पण त्याला सवय नाही.
चालू केलं.
निळा पडदा.
पांढऱ्या अक्षरांत त्याचं म्हणणं एवढंच, की
ज्या दारातून मी रोज माझ्याच डिस्कवर जायचो
ते दार इथं नाही.
खरं होतं त्याचं. मी दार बदललं,
जुन्या धाटणीचं दिलं, रुंद पट्टीच्या केबलचं,
जी केबल त्या टेबलावर कुठंच नव्हती.

आणि ते उठलं.

तेच हिरवं कुरण, तोच डोंगर,
डोंगरावर बाईंनी कधीतरी टाकलेल्या फाइली:
'नवीन दर', 'नवीन दर २', 'हा खरा दर'.
कोपऱ्यात फुगे येत राहिले,
नवं हार्डवेअर सापडलं, नवं हार्डवेअर सापडलं,
पाहुण्याच्या घरी अंधारात
स्विच चाचपावेत तसं.
मग एक पाटी आली:
तुमच्यात फार बदल झालाय,
तीन दिवसांत सिद्ध करा, तुम्ही तेच आहात.
बाबगोंडा मगदूम पाठीमागून वाचत होते.
"आधार कार्ड चालंल काय बघ की."

नेजदारांचं कुलूप राहिलं होतं,
प्रिंटरच्या जुन्या पोर्टात खोचायचं, पिवळट, अंगठ्याएवढं.
त्यासाठी शाहूपुरीत अर्धा दिवस हिंडून
एक कार्ड आणलं, सव्वाचारशे रुपये.
बाई खुर्चीत बसल्या. चष्मा पुसला.
एफ नऊ.
चलन नंबर अकरा हजार चारशे सात.
मंगळवारी चारशे सहावर थांबलं होतं.
प्रिंटर किंचाळला, कागद वाकडा घेतला, सरळ केला.

"ह्याला कळलंय काय हो," बाई म्हणाल्या,
"आपण कुठं आहोत ते?"
मी उत्तर जुळवत होतो.
म्हणणार होतो, की त्याला घड्याळ आम्ही दाखवतो तेवढंच दिसतं,
की वाळूलाही बाहेरची पेटी माहीत नसते.
तेवढ्यात भट्टी खोलली,
शेडमधून हाका आल्या,
आणि मगदूम वजनं लिहायला धावले.

संध्याकाळी बंद करताना
बाईंनी टेबलाखालच्या जुन्या कॅबिनेटवर
सवयीनं थाप मारली.
रिकामं होतं, डब्यासारखं वाजलं.
तरी त्या पर्स खांद्याला लावून
जरा वेळ थांबल्या,
पंखा थांबायची वाट बघत.